वाचनालय संगणकावर घ्यायचंय? दाखल क्रमांक १ पासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात नुकत्याच रुजू झाला आहात. पुस्तकं अठरा हजारांच्या घरात. कार्यवाह म्हणतात, एकदाचं सॉफ्टवेअर घ्या, आरएफआयडी (पुस्तकात चिकटवायच्या चिपा) बसवा, जुनी पुस्तकं स्कॅन करून टाका. त्याच बैठकीत दुसरे एक संचालक विचारतात, सगळं मोबाइलवर मिळतं तर आता ग्रंथपाल कशाला? तेव्हा सुरुवात कशापासून करायची आणि हे सगळं झाल्यावर आपल्या हाती काय उरणार, हे तुम्हाला हवंय.

मी निर्गम सहायक, म्हणजे खिडकीवर पुस्तकं देणारी-घेणारी, म्हणून लागले, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले, आणि आता आजूबाजूची लहान वाचनालयं बोलावतात तिथं जाऊन नोंदी तपासून देते. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागून. पहिलं वर्ष पुस्तकांच्या नोंदींवर घाला. आरएफआयडी विसरा. स्कॅनिंग करायचं ते मोजक्याच पुस्तकांचं. आणि ग्रंथपालाचं काम खिडकीवरून उठून नोंदीत गेलंय, तिथं ते पूर्वीपेक्षा वाढलंय. हे संचालकांना पटवायला वेळ लागेल, कारण खिडकीवरचं काम दिसतं आणि नोंदीतलं दिसत नाही.

पूर्वी काय होतं? वाचक खिडकीशी यायचा, "ते निळ्या कव्हरचं, शिकारीचं, मागच्या महिन्यात नेलं होतं ते" म्हणायचा आणि आम्ही काढून द्यायचो. तालिकेचे, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या कार्डांचे, खण होते, त्यात लेखकाचं कार्ड वेगळं, शीर्षकाचं वेगळं, विषयाचं वेगळं. पण खरं सांगू का, पुष्कळ वाचनालयांत ती कार्डं वार्षिक तपासणीच्या आधीच्या पंधरवड्यात लिहिली जायची. खरी तालिका आमच्या डोक्यात असायची. कार्डावर लेखकाचं नाव चुकलेलं असलं तरी आम्ही पुस्तक बरोबर काढायचो, त्यामुळं चूक कधी उघडी पडायची नाही. संगणक असं सांभाळून घेत नाही. त्याला जे लिहून दिलं तेवढंच तो ओळखतो. डोक्यातली तालिका आता कागदावर, म्हणजे पडद्यावर, उतरवावी लागते आणि ती चुकली की वाचकाला "हे पुस्तक नाही" असं खोटं उत्तर मिळतं.

एक प्रसंग सांगते. आठवीतली एक मुलगी आली. वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकावर तिनं 'ॲटलस' टाइप केलं. शून्य नोंदी. तिच्या पाठीमागच्या संदर्भाच्या कपाटात तीन ॲटलस होते. मी आमच्या नोंदीतला शब्द आणि तिनं टाइप केलेला शब्द एकाखाली एक ठेवून पाहिले, डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. फरक आत होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षरसंकेतात, हे अक्षर दोन तऱ्हांनी उमटतं. एक म्हणजे २००८ साली आलेलं एकसंध 'ॲ', आणि दुसरं म्हणजे साधा 'अ' आणि त्यावर वेगळा दिलेला चंद्र. आमच्या नोंदी जुन्या कळफलकावर दुसऱ्या तऱ्हेनं झालेल्या, मुलीच्या हाती नवा कळफलक. दिसायला जुळी भावंडं, यंत्राच्या लेखी एकमेकांना परकी. 'ॲ'नं सुरू होणारी आमची सगळी पुस्तकं त्या दिवसापर्यंत वाचनालयात असून नसल्यासारखी होती, आणि कुणी तक्रारही केली नव्हती. नाही म्हटल्यावर वाचक निघून जातो, तक्रार करत नाही.

'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'शेतकऱ्याचा' यांतला अर्धा र हे तसलंच दुखणं. तो टिंबवाल्या ऱ ला हलन्त देऊन लिहिता येतो, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. दोन निर्गम सहायक दोन संगणकांवर बसले की एकाच वाचनालयात दोन्ही तऱ्हा नांदतात. सॉफ्टवेअर विकायला येणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांना ते ठाऊकच नसतं. त्यांच्या प्रात्यक्षिकात सगळी पुस्तकं इंग्रजी असतात. तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवा की सगळ्यांचा कळफलक एक, आणि कोणतं अक्षर कसं टाइप करायचं याचा एक कागद टेबलावर चिकटवलेला.

मग येतं शुद्धलेखन. मराठीचे नियम १९६२ साली बदलले. त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर 'कांहीं', 'नाहीं', 'तेथें', 'आंत' असं छापलेलं असतं. शीर्षक छापलंय तसंच नोंदवायचं हा आपला नियम आणि तो योग्यच आहे. पण आजचा वाचक ते अनुस्वार देणार नाही. उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा: मुख्य शीर्षकाच्या रकान्यात मूळ रूप, पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात आजचं रूप. मार्कच्या, म्हणजे ग्रंथनोंदी संगणकात मांडायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, भाषेत रकाने २४५ आणि २४६. आमच्याकडं अशी साडेचारशे पुस्तकं निघाली. दोन मे महिने गेले त्यात.

लेखकांच्या नावांचं तर विचारूच नका. एका वाचनालयात मी शिरवाडकरांच्या नोंदी पाहिल्या. 'वि. वा. शिरवाडकर', 'वि.वा.शिरवाडकर' असं मधली जागा न सोडता, 'शिरवाडकर वि. वा.', 'विष्णु वामन', 'विष्णू वामन', आणि एकदा नुसतंच 'शिरवाडकर'. कवितासंग्रह अर्थातच 'कुसुमाग्रज' या नावाखाली. माणूस एक, संगणकाला सात लेखक दिसत होते. नाटकं वाचून कवितांकडं वळू पाहणारा नवा वाचक तिथं अडला असता. यासाठी नावांची एक पक्की यादी करावी लागते: कोणतं रूप प्रमाण, आणि बाकीची रूपं त्याच्याकडं वळवायची. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. यादी मात्र माणसानंच करायची. दोन सारख्या नावांचे लेखक एकच की वेगवेगळे हे ठरवायला पुस्तक उघडून मलपृष्ठ वाचावं लागतं, कधी प्रकाशकाला फोन करावा लागतो.

आता सॉफ्टवेअर. इथं माझी स्वतःची पोळलेली गोष्ट आहे. २००३ साली आमच्या वाचनालयात संगणक आला. ओळखीतल्या एका मुलानं प्रोग्रॅम लिहून दिला, नावं पडद्यावर मराठीत दिसायला लागली, आम्ही खूश. त्या नोंदी युनिकोडमध्ये नाहीत हे आम्हाला कळत नव्हतं. आत रोमन अक्षरं होती आणि वरून मराठी फॉन्टचा मुखवटा. २०११ साली संगणक बदलला, तो फॉन्ट नव्या यंत्रावर चालेना, आणि नऊ हजार नोंदींचा चिवडा झाला. प्रोग्रॅम करणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला, पासवर्ड त्याच्यापाशी. फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनानं सहा हजारांच्या आसपास नोंदी सुटल्या, तरी जोडाक्षरं जागोजागी मोडलेली. उरलेल्या आम्ही पुन्हा लिहिल्या, दाखल नोंदवहीवरून, म्हणजे पुस्तक आलं की क्रमांक घालून जिच्यात नोंदवायचं त्या वहीवरून. लाल कापडी पुठ्ठ्याची, शाईनं लिहिलेली ती वही. आठ वर्षांत संगणकाला जे राखता आलं नाही ते तिनं सत्तर वर्षं राखलं होतं.

म्हणून विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. नोंदी युनिकोडमध्ये आहेत का? उद्या तुम्हाला सोडायचं ठरवलं तर सगळ्या नोंदी मार्कमध्ये किंवा निदान साध्या तक्त्यात काढून देता येतील का, आणि ते आत्ता करून दाखवाल का? आणि बॅकअप कुठं जातो? दुसऱ्या प्रश्नाला "त्याची गरज पडणार नाही" असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

पर्याय बरेच आहेत. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे. महाविद्यालयांत विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या इन्फ्लिबनेट संस्थेचं सोल दिसतं. मला स्वतःला कोहा आवडतं. ते न्यूझीलंडमधल्या एका लहानशा भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिलं गेलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. फुकट आहे, मोठं आहे, युनिकोड आणि मार्क दोन्ही नीट सांभाळतं. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं असं समजू नका. सर्व्हर लागतो, लिनक्स समजणारा माणूस लागतो. तालुक्याच्या गावी तो नसेल तर आसपासच्या पाच-सहा वाचनालयांनी मिळून एक माणूस ठेवावा. तेही जमत नसेल तर साध्या एक्सेलच्या तक्त्यात नीट नोंदी करा. चांगला तक्ता नंतर कोहात चढवता येतो. महागड्या सॉफ्टवेअरमधल्या वाईट नोंदी कुठंच चढत नाहीत.

बॅकअपबद्दल एवढंच: ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन तालिका जानेवारीपर्यंत बंद होती. त्यांच्यापाशी पैसा आणि माणसं होती, तरी ही गत. तुम्ही दर शनिवारी सगळ्या नोंदी एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क वाचनालयात ठेवू नका. पुरात आणि आगीत संगणक आणि त्याच्या शेजारची डिस्क एकदमच जातात. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या वाचनालयांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आरएफआयडी का नको? तंत्र उत्तम आहे. पुस्तकात चिप चिकटवायची, दाराशी न नोंदवता नेलेलं पुस्तक ओळखणारं फाटक, हातातलं वाचकयंत्र फळीवरून फिरवलं की एका दमात मोजणी. मोठ्या विद्यापीठात, जिथं रोज हजारो देवघेवी होतात, तिथं ते शोभतं. तुमच्याकडं दिवसाला दीडशे पुस्तकं फिरत असतील. त्यासाठी अठरा हजार चिपा, फाटक आणि त्याची वार्षिक देखभाल म्हणजे शासनाच्या परिरक्षण अनुदानाचे हप्ते त्यातच जिरायचे. बारकोडचं लेबल साध्या प्रिंटरवर छापता येतं, वर पारदर्शक पट्टी लावली की वर्षानुवर्षं टिकतं, आणि वाचकयंत्र दोन-तीन हजारांत येतं. कार्यवाहांना फाटकाचं आकर्षण असतं कारण उद्घाटनाला ते फोटोत छान दिसतं. मी त्यांना दोष देत नाही, देणगीदार नोंदींसाठी पैसे देत नाहीत, फाटकासाठी देतात. देणगी आलीच तर ती अभ्यासिकेच्या खुर्च्यांकडं आणि वीज गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरकडं वळवता येते का पाहा.

कारण तुमचा आजचा वाचक तिथं बसलाय. सकाळी सातला शटर उघडायच्या आधी दाराशी उभी असलेली पोरं कादंबरी न्यायला आलेली नसतात. एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती, यांची ती तयारी. त्यांना हवी असते शांतता, चार्जिंगचा पॉइंट आणि वायफाय. पुस्तक ती स्वतःचं आणतात. पुष्कळ ग्रंथपाल यावर नाराज असतात, "आम्ही वॉचमन झालो" म्हणतात. मीही म्हणायचे. मग एकदा एका मुलीनं विचारलं, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुठं मिळतील, आणि मी तिला आयोगाच्या संकेतस्थळावर त्या शोधून दाखवल्या. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सहा जण. त्यानंतर आम्ही दर गुरुवारी तासभर हेच केलं: शासन निर्णय कसा शोधायचा, राजपत्र कुठं असतं, आर्थिक पाहणी अहवालातला आकडा कुठल्या पानावर पाहायचा, टेलिग्रामवर फिरणारी भरतीची जाहिरात खरी का खोटी. माझ्या निवृत्तीच्या वर्षी या तासाला बसायला जागा नसायची. हे संदर्भसेवेचंच काम आहे. कपाट तेवढं बदललं.

कादंबरीवाल्या वाचकासाठी सगळ्यात उपयोगी पडलेलं तंत्रज्ञान व्हॉट्सॲप, यात वाद नाही. नवी पुस्तकं आली की मुखपृष्ठांचे फोटो पाठवायचे, दहा मिनिटांत "माझं ठेवा" म्हणून पाच निरोप. क्रमवारी वहीत लिहायची, नाहीतर भांडणं होतात. दिवाळी अंकांच्या योजनेत तर याचा फारच उपयोग. पूर्वी सभासद रोज फेऱ्या मारायचे, "तो अंक आला का?" आता कोणता अंक कुणाकडं आहे आणि कधी परत येणार हे घरबसल्या कळतं. फक्त एक धोका सांभाळा. याच गटावर कुणीतरी चालू वर्षाच्या दिवाळी अंकाचं पीडीएफ टाकतो आणि बाकीचे हात जोडल्याची चित्रं पाठवतात. वाचनालयाच्या नावाच्या गटावर असली चोरीची प्रत राहू देऊ नका. आमच्या एका संचालकांनीच टाकलं होतं. मी काढून टाकलं, आठवडाभर अबोला सोसला.

दिवाळी अंकांवरून आठवलं. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला असं मानतात. शंभराहून जास्त वर्षांचं हे लेखन वाचनालयांच्या माळ्यांवर गठ्ठ्यांत पडलंय, आणि त्यातला एखादा लेख शोधायचा तर मार्ग नाही, कारण आपण अंक नोंदवतो, अंकातला मजकूर नोंदवत नाही. गूगलला ते दिसत नाही. एआयलाही ते बहुधा माहीत नसतं. तुमच्याकडं जे जुने अंक असतील त्यांच्या अनुक्रमणिका टाइप करायला घ्या: लेखक, शीर्षक, अंक, वर्ष, पान. दिवसाला दोन अंक. शाळेतल्या निवृत्त शिक्षकांना हाताशी धरा, त्यांना हे काम आवडतं. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची संगणक जन्मायच्या आधी केली, पुढं १९५० पर्यंतचा भागही. आज जुन्या पुस्तकाबद्दल शंका आली की मी अजून तीच उघडते. आपल्याला निदान आपल्या माळ्यापुरतं जमायला हरकत नाही.

स्कॅनिंगकडं येते. आधी हे पाहा की ते पुस्तक दुसऱ्या कुणी आधीच स्कॅन केलंय का. भारतीय डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात स्कॅन झालेली पुष्कळ मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. पण त्यांची शीर्षकं रोमन लिपीत, स्पेलिंग ज्याला जसं सुचलं तसं, लेखकाच्या जागी कधी प्रकाशक, साल कधी शून्य. देवनागरीत शोधलं तर काही सापडत नाही, दहा तऱ्हांनी रोमनमध्ये शोधलं तर अचानक हाती लागतं. कोट्यवधी पानं स्कॅन करण्याचा खर्च झाला आणि नोंदीच्या चार ओळींवर काटकसर. मी नोंदीचा एवढा घोष का लावलाय ते यावरून ध्यानात येईल.

जे कुठंच नाही ते स्कॅन करा: गावच्या नगरपालिकेचे जुने अहवाल, स्थानिक साप्ताहिकाच्या फायली, नाट्यमंडळाची हस्तपत्रकं, तुमच्याच वाचनालयाची इतिवृत्तं. कार्यालयातल्या सपाट स्कॅनरवर जुनं पुस्तक उलटं दाबू नका, बांधणी फाटते. वरून कॅमेरा लावून फोटो काढणारा साधा स्टँड पुरतो, दोन्ही बाजूंनी दिवा, पान दाबायला काच. मूळ फोटो मोठ्या आकारात जपून ठेवा, वाचायला त्याचं हलकं पीडीएफ करा. अक्षरओळख आता देवनागरीत बरीच सुधारलीय, स्वच्छ छपाईचं पान दिलं तर मजकूर शोधण्याजोगा निघतो. शिळाछाप पुस्तकं मात्र तिला अजून नीट पेलत नाहीत, कारण ती मुळात हातानं लिहून दगडावरून छापलेली. मोडी कागदांसाठी मोडी वाचणारा माणूसच शोधा.

कायद्याचं एकदा नीट समजून घ्या. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ ला खुलं झालं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं साल वेगळं मोजायचं, चित्रकाराचंही. २०१२ च्या दुरुस्तीनं विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला एक सोय दिलीय: छापील प्रत तुमच्याकडं असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. ठेवता येते, वाटता येत नाही. दृष्टिहीन वाचकासाठी मात्र कायदा खूपच उदार आहे. अशा वाचकांना वाचता येतील अशा प्रती करायची मुभा देणारा माराकेश करार २०१४ साली मान्य करणारा भारत हा पहिला देश ठरला. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयावर अशा वाचकांसाठी पुस्तकं मिळतात. तुमच्या गावात असे वाचक आहेतच, फक्त ते वाचनालयात येत नाहीत कारण आपल्याकडं त्यांच्यासाठी काही असेल असं त्यांना वाटत नाही. दोन घरी स्वतः जाऊन सांगा.

राहिला एआय. गेल्या वर्षी मराठीत एमए करणारा एक मुलगा ग्रामीण कथेवरच्या बारा संदर्भग्रंथांची यादी घेऊन आला. छान टाइप केलेली, प्रकाशन आणि सालासकट. आमच्याकडं तीन निघाली, चार विद्यापीठाच्या तालिकेत सापडली. उरलेली पाच कुठंच नाहीत. लेखक खरे, प्रकाशनसंस्था खऱ्या, साल पटण्याजोगं, फक्त पुस्तक कधी लिहिलंच गेलं नाही. दोन प्रकाशकांना फोन केले, एकानं हसून सांगितलं की याच नावासाठी आलेला हा त्या महिन्यातला दुसरा फोन. मुलगा ओशाळला. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, मी त्याला त्या खऱ्या लेखकांची खरी पुस्तकं काढून दिली. पूर्वी वाचक विचारायचा "हे पुस्तक कुठं आहे?" आता आधी "हे पुस्तक आहे का?" याचं उत्तर शोधावं लागतं, आणि "नाही, असं पुस्तक नाही" हे खात्रीनं म्हणणं "आहे" म्हणण्यापेक्षा फार अवघड. त्यासाठी जागोजागच्या तालिका धड असाव्या लागतात. पुन्हा नोंदीच.

एआय मी वापरतही नाही असं नाही. दाखल नोंदवहीच्या पानाचा फोटो देऊन तक्ता करून घ्यायचा प्रयोग केला. टंकलेखित पानं बरी निघाली. हस्ताक्षरात, जिथं शाई फुटलीय तिथं त्यानं स्वतःच्या मनानं शब्द भरले. रिकामी जागा सोडणं त्याला जमत नाही. आणि किमतीच्या रकान्यात '१-८-०' होतं, म्हणजे एक रुपया आठ आणे, तर त्यानं ती १ ऑगस्ट ही तारीख केली. १९५७ च्या आधीची सगळी पुस्तकं तक्त्यात कुठल्या ना कुठल्या तारखेला विकत घेतलेली! आणे-पै पाहिलेलं माणूस शेजारी नसतं तर ते तसंच राहिलं असतं. तरीही टायपिंगचा वेळ निम्म्यानं वाचला, हे कबूल करते. प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहायची, या अटीवर वापरा.

संचालकांच्या "ग्रंथपाल कशाला" या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नका. महिनाभर वहीत लिहा: कोणी काय विचारलं, संगणकावर सापडलं नाही ते कसं सापडलं. पुढच्या बैठकीत ती पानं वाचा. पगाराचं मात्र मी काही गोड बोलणार नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं राज्यात हजारो वाचनालयं उभी राहिली, त्यांतल्या कित्येकांत एकच माणूस कुलूप उघडण्यापासून इतिवृत्तापर्यंत सगळं करतो आणि जे मिळतं ते सांगायला लाज वाटावी इतकं. सॉफ्टवेअर शिकलात, मार्क शिकलात, तर महाविद्यालयात किंवा एखाद्या संस्थेच्या संग्रहालयात जाण्याची वाट तरी मोकळी राहील. जाल तेव्हा इथल्या नोंदी मागच्याला समजतील अशा ठेवून जा.

तर सोमवारी काय करायचं? दाखल क्रमांक १ काढा. ते पुस्तक फळीवर आहे का पाहा, हातात घ्या, शीर्षकपान उघडा, मुखपृष्ठावरून नोंद करू नका. दिवसाला चाळीस होतात, देवघेव सांभाळून पंचवीस. वर्षभरात जेमतेम सात हजार होतील, म्हणून जास्त फिरणारी पुस्तकं आधी घेण्याचा मोह होईल. घ्या, पण रोज पाच तरी अगदी जुनी घ्या, कारण वाळवीला क्रमांक कळत नाही.

एक शेवटची गोष्ट. आमच्या नोंदवहीत एका जुन्या प्रवासवर्णनासमोर, समासात, माझ्या आधीच्या आधीच्या ग्रंथपालांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पृ. ११३ ते ११६ नाहीत, आले तसेच.' सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी ते शेऱ्यात जसंच्या तसं घातलं. आमची तालिका ऑनलाइन गेल्यावर वर्षभरानं नागपूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या आजोबांच्या प्रतीत ती पानं होती, पण सुरुवातीची सोळा नव्हती. आमच्याकडं ती होती. दोन लिफाफे, दोन झेरॉक्स, आणि दोन्ही प्रती पुऱ्या झाल्या. पुस्तकाला हक्क उरलेला नव्हता, तेही तपासून घेतलं.

तेव्हा दाखल नोंदवहीचे फोटो काढाल तेव्हा समास कापू नका.